सिनेमासाठी दिलेलं दान जातं कुठे?

फिल्मचा जुना डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर आतलं रीळ मरायला लागलंय असं समजावं. विसाव्या शतकाच्या मध्यापासून बहुतेक सिनेमे ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकवर छापले जात. उष्णता आणि दमटपणा लागला की या प्लॅस्टिकमधून ॲसेटिक आम्ल सुटतं. व्हिनेगरमध्ये असतं तेच हे आम्ल. सुटलेलं आम्ल त्याच प्लॅस्टिकला पुन्हा खातं आणि त्यातून आणखी आम्ल सुटतं. एकदा हे चक्र सुरू झालं की त्याचा वेग वाढतच जातो. फिल्म आक्रसते, ठिसूळ होते, कडेला पिळवटते आणि शेवटी चित्राचा थर पापुद्र्यासारखा सुटून येतो. २१ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के आर्द्रता म्हणजे माणसाला अगदी सुखाची वाटणारी खोली. अशा खोलीत कोऱ्या ॲसिटेट फिल्मला साधारण ४० वर्षांत हा रोग जडतो. थंड आणि कोरड्या जागेत ठेवली, तर तीच फिल्म शेकडो वर्षं टिकू शकते.

म्हणजे औषध माहीत आहे, आणि ते फार अवघडही नाही: थंडावा. पण तो थंडावा रात्रंदिवस, बारा महिने, पिढ्यानपिढ्या चालू ठेवायचा तर बिल कोण भरणार? ज्या कंपनीने सिनेमा काढला ती कधीच बंद पडलेली असते. हक्क कुणाकडे आहेत हे वारसांनाही सांगता येत नाही. त्या सिनेमातून आता एक पैसाही यायचा नसतो. धंद्याच्या वहीत या खर्चाला रकानाच नाही.

सिनेमाला मदत करणाऱ्या धर्मादाय संस्था अशाच जागी उभ्या राहतात. ‘सिनेमा म्हणजे कोट्यवधींची उलाढाल, त्याला कसलं दान?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. उलाढाल मोठी आहे हे खरं. पण तो पैसा नेहमी पुढच्या सिनेमाकडे धावतो. मागे राहिलेलं रीळ, काम सुटलेला लाइटमन, पहिलीच पटकथा घेऊन बसलेली मुलगी, रुग्णालयात महिनोन्महिने पडून असलेला प्रेक्षक, यांच्याकडे तो आपणहून वळत नाही.

आधी धर्मादाय संस्था म्हणजे काय ते पाहू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. अशी संस्था सगळं फुकट करते असं नाही. ती तिकीट लावू शकते, पगार देऊ शकते, वर्षाअखेरीस तिच्याकडे पैसे शिल्लकही राहू शकतात. फक्त ती शिल्लक कुणाला वाटून घेता येत नाही. संस्थेला मालक नसतात, विश्वस्त असतात, आणि उरलेला पैसा संस्थेच्या उद्देशासाठीच वापरावा लागतो. तो उद्देशही कायद्याने मानलेला असावा लागतो आणि त्यातून लोकांचं काही भलं व्हावं लागतं. इंग्लंड आणि वेल्सच्या २०११ च्या धर्मादाय कायद्यात अशा उद्देशांची यादी आहे आणि तीत कला, संस्कृती व वारसा यांचा उल्लेख आहे. अमेरिकेत करकायद्याच्या ५०१(सी)(३) या कलमाखाली नोंदलेल्या संस्थेला देणगी दिली, तर देणाऱ्याला करात सूट मिळते.

यातून एक गोष्ट आपोआप ठरते. एखाद्या निर्मात्याने नफ्यासाठी सिनेमा काढला, तर विषय कितीही उदात्त असला तरी त्याला दिलेला पैसा दान ठरत नाही. जुने सिनेमे जपणं, ते लोकांना दाखवणं, मुलांना सिनेमा वाचायला शिकवणं किंवा थकलेल्या तंत्रज्ञाच्या औषधपाण्याची सोय करणं यासाठी दिलेला पैसा दान ठरू शकतो.

सरकारी मदत हे तिसरं प्रकरण. फ्रान्समध्ये १९४६ पासून एक राष्ट्रीय केंद्र आहे. सिनेमाच्या प्रत्येक तिकिटावरचा कर त्याच्याकडे जातो आणि तिथून नव्या सिनेमांना मिळतो. तो दान नव्हे, तो सार्वजनिक पैसा. काही संस्था मात्र दोन्हीकडे पाय ठेवून असतात. १९३३ मध्ये स्थापन झालेली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट ही नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे, आणि २०११ पासून राष्ट्रीय लॉटरीतला सिनेमासाठीचा पैसाही तीच वाटते. त्यामुळे एखाद्या सिनेमाच्या शेवटी तिचं नाव दिसलं, तर तो पैसा देणगीतून आला की लॉटरीतून, हे नावावरून कळत नाही.

सिनेमाच्या जगातलं सर्वात जुनं दान आहे ते माणसांसाठीचं. मला तेच सर्वात महत्त्वाचंही वाटतं.

सिनेमाचं काम एकेका सिनेमापुरतं असतं. चित्रीकरण संपलं की पगार संपला. पुढचं काम आठवड्याने मिळेल की वर्षाने, हे कुणी सांगू शकत नाही. आजारपणाची रजा नाही, म्हातारपणाची तरतूद नाही. त्यात तंत्रज्ञान बदललं की अख्खा व्यवसायच बसतो. १९२७ नंतर बोलपट आले, तेव्हा मूकपटांच्या वेळी चित्रपटगृहांत बसून वाद्यं वाजवणाऱ्या हजारो वादकांचं काम गेलं.

हॉलिवूडमध्ये १९२१ मध्ये या माणसांसाठी मोशन पिक्चर रिलीफ फंड सुरू झाला. मेरी पिकफर्ड, चार्ली चॅप्लिन, डग्लस फेअरबँक्स आणि डी. डब्ल्यू. ग्रिफिथ त्याच्या स्थापनेत होते. सुरुवातीला नेहमीसारख्या देणग्या गोळा होत. खरी सुधारणा १९३२ मध्ये झाली. आठवड्याला २०० डॉलरहून जास्त कमावणाऱ्यांनी आपल्या पगारातला अर्धा टक्का फंडाला द्यायचा, तोही पगार हातात पडण्याआधी कापून, अशी योजना पिकफर्ड यांनी पुढे नेली. २०० डॉलरवर अर्धा टक्का म्हणजे एक डॉलर. देणाऱ्याला तो जाणवतही नाही. पण फंडाला दर आठवड्याला किती येणार हे आधी कळतं, आणि ज्याला पुढच्या वर्षाचा अंदाज आहे तोच एखाद्या विधवेला ‘दर महिन्याला देऊ’ असा शब्द देऊ शकतो. जेवणावळी, ताऱ्यांची रात्र, लिलाव यांतून एकदम मोठी रक्कम येते खरी, पण पुढच्या वर्षी ती येईलच याची खात्री कोण देणार?

पुढे १९३९ पासून एक रेडिओ कार्यक्रम सुरू झाला. त्यात मोठमोठे कलाकार काम करायचे, मानधन घ्यायचे नाहीत आणि ते पैसे फंडाला जायचे. त्यातून लॉस एंजेलिसजवळ निवृत्त चित्रपटकर्मींसाठी घर उभं राहिलं. ते १९४२ मध्ये उघडलं. पडद्यावर कधीच न दिसलेल्या कामगारांनाही त्याचं दार उघडं होतं. ही संस्था आजही चालू आहे.

ब्रिटनमध्ये असाच फंड १९२४ मध्ये निघाला. आज तो फिल्म अँड टीव्ही चॅरिटी या नावाने ओळखला जातो. त्याच्या कामातला बदल लक्ष देण्यासारखा आहे. आधी भर म्हाताऱ्यांवर आणि आजाऱ्यांवर होता. आता चोवीस तास चालणारी एक फोनसेवा आहे आणि तिथे मानसिक त्रास, कर्ज, कामावरचा छळ यांबद्दल बोलता येतं. सलग चौदा-चौदा तासांची शिफ्ट करणारा माणूस, सिनेमाच्या ओढीपायी ‘मला जमत नाही’ असं म्हणू शकत नाही. म्हटलं तर पुढचं काम जाईल ही भीती. म्हणून ही सेवा मालकाने नव्हे, तर तिऱ्हाईत संस्थेने चालवणं गरजेचं असतं. २०२० मध्ये महामारीमुळे चित्रीकरणं एका दिवसात थांबली, तेव्हा याच संस्थेने तातडीचा निधी उघडला. त्यात नेटफ्लिक्सने १० लाख पौंड घातले. संस्था आधीपासून उभी होती, अर्ज तपासणारी माणसं होती, म्हणून तो पैसा वेळेवर पोहोचू शकला.

आता रिळांकडे परत येऊ. ॲसिटेटच्या आधीची फिल्म नायट्रेटची होती. ती भयंकर ज्वालाग्राही. तिला लागलेली आग पाण्यातही विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन ती स्वतःच सोडते. १९३७ मध्ये न्यू जर्सीतल्या एका गोदामाला आग लागली आणि फॉक्स कंपनीच्या मूकपटांचा बहुतांश साठा त्यात गेला. बाकीचे बरेच मूकपट तर मुद्दाम नष्ट केले गेले. बोलपट आल्यावर त्यांना गिऱ्हाईक नव्हतं आणि फिल्ममधली चांदी वितळवून विकता येत होती. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये एक अहवाल काढला. १९१२ ते १९२९ या काळात तिथे बनलेल्या सुमारे ११,००० पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी फक्त १४ टक्के मूळ ३५ मिलिमीटर स्वरूपात उरले आहेत, असं त्यात दिसलं. ७० टक्के तर कुठल्याच स्वरूपात नाहीत.

१९९० मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांनी आणखी काही दिग्दर्शकांना बरोबर घेऊन द फिल्म फाउंडेशन स्थापन केली. आजवर हजाराहून जास्त सिनेमे वाचवायला तिने हातभार लावला आहे. ही संस्था डबे साठवणाऱ्या संग्रहालयांचं काम स्वतःकडे ओढून घेत नाही. ती पैसा उभा करते, कुठला सिनेमा आधी घ्यायचा हे संग्रहालयांशी बोलून ठरवते आणि काम त्यांच्याकडे व प्रयोगशाळांकडे सोपवते. ज्या देशांत थंड गोदामं आणि प्रयोगशाळा तोकड्या आहेत, तिथल्या सिनेमांसाठी तिने २००७ मध्ये वेगळा प्रकल्प सुरू केला.

पुनरुज्जीवन किंवा रिस्टोरेशन म्हणजे नेमकं काय करतात? पहिली पायरी संगणकावर होतच नाही. आधी जगभर पत्रं जातात: या सिनेमाची निगेटिव्ह कुणाकडे आहे, प्रिंट कुणाकडे, किती लांबीची, कुठल्या अवस्थेत? जे मिळेल ते शेजारी शेजारी ठेवून पाहतात, कारण एका प्रतीत तिसरं रीळ चांगलं असतं तर दुसरीत सातवं. मग हाताने दुरुस्ती. फिल्मच्या कडेची फाटलेली छिद्रं जोडायची, जुने सांधे सोडवून नव्याने लावायचे, धूळ आणि बुरशी काढायची. त्यानंतरच एकेक चौकट स्कॅन होते. सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर दोन तासांच्या सिनेमात १,७२,८०० चौकटी भरतात. ओरखडे, डाग, चित्राचं थरथरणं हे संगणकावर काढतात. पण तिथेही माणूस लागतोच, नाहीतर पावसाचा थेंबही यंत्र ओरखडा समजून पुसून टाकतं. रंग कसे होते हे शक्य असेल तर मूळ छायाचित्रकाराला बसवून ठरवतात. एवढ्या माणसांचे एवढे महिने म्हणजे खर्च किती, याचा अंदाज यावरून करता येईल.

सत्यजित राय यांच्या अपूच्या तीन सिनेमांची निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळली. बहुतेकांनी ती टाकून दिली असती. ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अकादमीच्या संग्रहालयाने ते जळके तुकडे जपून ठेवले. त्यांचं काही करता येईल असं तंत्र तेव्हा नव्हतं. वीसेक वर्षांनी ते आलं. इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञांनी ठिसूळ झालेल्या फिल्मला पुन्हा ओलावा दिला, वितळलेल्या चिकटपट्ट्यांचे अंश काढले, कडा नव्याने बसवल्या आणि २०१५ मध्ये ते सिनेमे पुन्हा पडद्यावर आले. मधली वीस वर्षं त्या डब्यांकडून कुणाला काहीच मिळत नव्हतं. तरी जागा, थंडावा आणि देखरेख चालू होती. मला या कहाणीत ती वीस वर्षं सर्वात मोठी वाटतात.

मुंबईतली फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१४ मध्ये सुरू झाली. तिने केलेल्या कामांपैकी श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ इथे मुद्दाम घेतो, कारण दान आणि भांडवल यांतला फरक त्यातून चांगला कळतो. १९७६ मध्ये गुजरातच्या दूध सहकारी संघाच्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये घालून तो सिनेमा काढला. ते शेतकरी देणगीदार नव्हते, निर्माते होते. पुढे निगेटिव्ह खराब होत गेली. फाउंडेशनने तिचं काम हाती घेतलं, तेव्हा पैसा पुन्हा त्याच दूध संघाने दिला, आणि नवी प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. देणारे तेच, पण पहिला पैसा सिनेमा घडवायला होता आणि दुसरा तो टिकवायला.

जर्मनीत आणखी वेगळी युक्ती आहे. तिथे १९६६ पासून मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक मुर्नाउ यांच्या नावाची एक धर्मादाय प्रतिष्ठान संस्था जुन्या जर्मन सिनेमांचे हक्कच सांभाळते. ते सिनेमे कुठे दाखवले, विकले गेले, तर त्याचं उत्पन्न तिला मिळतं आणि ते जतनावर खर्च होतं. फ्रित्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाचा हरवलेला भाग २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या एका संग्रहालयात सापडला. तो जोडून नवी प्रत करायला हक्कदार संस्था उभी होती, म्हणून २०१० मध्ये ती प्रत लोकांसमोर आली. लोकप्रिय सिनेमाने कमवावं आणि अनोळखी सिनेमाला जगवावं, ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते.

नव्या सिनेमाला दान मिळतं का? मिळतं, पण वळसा घेऊन. अमेरिकेत एखाद्या माहितीपटकाराला लोक थेट देणगी देऊ शकतात, फक्त त्यांना करसूट मिळत नाही. मोठी प्रतिष्ठानं तर सहसा नोंदणीकृत संस्थेलाच पैसे देतात. म्हणून तो माहितीपटकार एखाद्या धर्मादाय संस्थेच्या छत्राखाली जातो. देणगी संस्थेच्या नावावर जमा होते, संस्था हिशेब ठेवते, त्यातला लहानसा टक्का स्वतःच्या खर्चासाठी कापते आणि उरलेला पैसा त्या माहितीपटासाठी सोडते. पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला ना, याची जबाबदारी संस्थेची. स्त्री दिग्दर्शकांसाठी १९७२ मध्ये निघालेली विमेन मेक मूव्हीज ही संस्था असं छत्र देते.

दुसरी वाट शिष्यवृत्तीसारखी. रॉबर्ट रेडफर्ड यांनी १९८१ मध्ये सुरू केलेली सनडान्स इन्स्टिट्यूट नवख्या दिग्दर्शकांना अनुभवी माणसांबरोबर काही आठवडे बसवून पटकथा तासून घेते. रॉटरडॅम महोत्सवाचा ह्यूबर्ट बाल्स फंड आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या दिग्दर्शकांना पटकथेच्या टप्प्यावरच पैसे देतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला तो मिळाला होता. या रकमांतून सिनेमा पुरा होत नाही. पण पैसा घालणारा प्रत्येक जण ‘आधी दुसरं कोण आलंय?’ असं विचारत थांबलेला असतो, आणि तिथे पहिलं नाव लागणं हीच मोठी मदत असते. शिवाय लिहिण्याचे सहा महिने घरभाडं निघतं.

राहिला प्रेक्षक. ब्रिटनमधली मेडिसिनेमा ही संस्था रुग्णालयांतच चित्रपटगृहं बांधते. पहिलं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १९९९ मध्ये सुरू झालं. तिथे खुर्च्यांच्या रांगांबरोबर चाकाच्या खुर्च्यांना आणि अख्ख्या खाटांना जागा असते, सलाइन लावलेला रुग्ण खाटेसकट आत येतो, परिचारिका सोबत असते. घरचे लोक शेजारी बसतात. दोन तास कुणी तपासायला येत नाही, कुणी ‘आज कसं वाटतंय?’ विचारत नाही. कोसोवोच्या युद्धात १९९९ मध्ये निघालेली फिल्मएड ही संस्था निर्वासितांच्या छावण्यांत पडदा लावत आली आहे. करमणुकीबरोबर आजार, पाणी, हक्क यांची माहिती देणाऱ्या फिल्मही ती दाखवते. न्यूयॉर्कमधलं फिल्म फोरम हे चित्रपटगृह १९७० मध्ये घडीच्या ५० खुर्च्या आणि एका प्रोजेक्टरवर सुरू झालं. ते आजही ना-नफा तत्त्वावर चालतं आणि तिकीटबारीवर न चालणारे सिनेमे लावतं. ब्रिटनमध्ये शाळांत सिनेमा मंडळं चालवणारी इन्टू फिल्म आहे.

या सगळ्यात पैशाची खरी अडचण कुठे येते, हे देणगी देण्याआधी कळलेलं बरं. देणगी दोन तऱ्हेची असते. एक, ठरावीक कामासाठी बांधलेली: ‘या सिनेमाच्या पुनरुज्जीवनासाठी’. दुसरी, मोकळी: ‘संस्थेला जिथे हवी तिथे’. पहिली मिळवणं सोपं, कारण देणाऱ्याचं नाव पडद्यावर येतं आणि महोत्सवात टाळ्या होतात. मोकळ्या पैशाला लोक हात आखडता घेतात. पण वीज, छताची गळती, डब्यांची यादी करणाऱ्याचा पगार हे सगळं मोकळ्या पैशातूनच जातं. अमेरिकन संसदेने १९९६ मध्ये स्थापन केलेल्या नॅशनल फिल्म प्रिझर्व्हेशन फाउंडेशनचं उदाहरण घ्या. सरकारकडून मिळणारा पैसा तिला स्वतःच्या कारभारावर खर्च करायला मनाई आहे. तो सगळा संग्रहालयांकडे जातो. कार्यालय चालवायला तिला खासगी देणग्या गोळा कराव्याच लागतात.

म्हणून ‘कारभारावर सर्वात कमी खर्च करणारी संस्था सर्वात चांगली’ ही फूटपट्टी इथे लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. संग्रहालयाच्या बाबतीत देखभाल हाच कारभार असतो. त्यापेक्षा वार्षिक अहवाल उघडा. इंग्लंड-वेल्समधल्या संस्थांचे हिशेब तिथल्या धर्मादाय आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात, अमेरिकेतल्या संस्थांचं वार्षिक करपत्रकही जाहीर असतं. विश्वस्त कोण आहेत, त्यांच्यापैकी कुणाच्या कंपनीलाच कामं जातात का, गंगाजळी किती महिने पुरेल, वाचवलेला सिनेमा लोकांना पाहायला मिळतो की कपाटात जातो, हे शोधा. अहवालच सापडत नसेल, तर आधी तो मागा.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं मुख्य फिल्म-गोदाम वॉरिकशायरमध्ये आहे. आत उणे ५ अंश तापमान आणि ३५ टक्के आर्द्रता राखलेली असते. एवढ्या थंडीतून आणलेला डबा लगेच उघडला, तर हवेतली वाफ फिल्मवर पाण्यासारखी जमते. म्हणून तो हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ देतात आणि मगच झाकण काढतात.